घाट राखला, तर मगर राहील

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांना समुद्र नाही. शार्क, म्हणजे कोकणात जिला मुशी म्हणतात ती, इथल्या माणसाला भेटलीच तर मासळी बाजारात किंवा सिनेमाच्या पडद्यावर. पाण्यात दबा धरून बसणाऱ्या जनावराची भीती मात्र कृष्णाकाठाला कुणी शिकवावी लागत नाही. महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा वाई, माहुली करत कराडला येते, कोयनेला सोबत घेते आणि सांगली जिल्ह्यात शिरते. आमणापूर, अंकलखोप, औदुंबर, भिलवडी, ब्रह्मनाळ, डिग्रज अशी गावं ओलांडत ती सांगलीला पोचते आणि हरिपूरला वारणेला पोटात घेते. या पट्ट्यात नदी म्हणजे उसाचं पाणी, म्हशींचं डुंबणं, दत्ताच्या दर्शनाआधीचं स्नान आणि पोरांचं पोहणं. आणि याच पट्ट्यात मगरीही आहेत.

हिवाळ्यात वाळूवर ऊन खात पडलेली मगर दिसली की लोक मोबाइल काढून तिचे व्हिडिओ करतात. एप्रिल-मेमध्ये तीच मगर दिसली की वनखात्याकडे निवेदनं जातात. एकाच गावात, एकाच प्राण्याबद्दल, चार महिन्यांच्या अंतरानं दोन टोकाच्या भावना. त्या दोन्ही खऱ्या आहेत, आणि मगरीच्या संरक्षणाचा प्रश्न त्या दोन्हींच्या मधोमध उभा आहे.

१९७५ साली दोन घटना

जून १९७५ मध्ये अमेरिकेत ‘जॉज’ हा चित्रपट झळकला. पीटर बेंचली यांच्या आदल्या वर्षीच्या कादंबरीवर तो बेतला होता. माणसांवर डूख धरून हल्ले करणारा अजस्र शार्क त्यानं जगभरातल्या प्रेक्षकांच्या मनात कायमचा बसवला. गुडघाभर पाण्यात उतरायलाही लोक कचरू लागले, आणि शार्क मारणं हा मर्दुमकीचा खेळ होऊन बसला. प्रत्यक्षात जगभरात शार्कच्या हल्ल्यात वर्षाला सरासरी पाच-सहा माणसं दगावतात. उलट बाजूला, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाच्या अंदाजानुसार माणूस दरवर्षी १० कोटींच्या आसपास शार्क मारत होता. बेंचली यांना हे व्यस्त गणित पुढे बोचू लागलं. आपल्याला आज जे ठाऊक आहे ते तेव्हा ठाऊक असतं तर ही कादंबरी लिहिली नसती, अशी कबुली त्यांनी दिली आणि २००६ मध्ये मृत्यू येईपर्यंत समुद्र आणि शार्क वाचवण्यासाठी ते बोलत-लिहीत राहिले.

त्याच १९७५ साली भारतात मगर संरक्षण प्रकल्प सुरू झाला. कातड्यासाठी चाललेल्या बेसुमार शिकारीनं भारतीय नद्यांमधल्या मगरी तोवर संपत आल्या होत्या. पट्टे, पर्स आणि बुटांसाठी या कातड्याला परदेशात चढा भाव होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं दलदली मगर, खाऱ्या पाण्यातली मगर आणि घडियाल या तिन्ही जातींना पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या बरोबरीनं, जागा दिली. पण शिकार थांबवून भागणार नव्हतं, संख्याही वाढवायला हवी होती. संयुक्त राष्ट्रांच्या मदतीनं आणि एच. आर. बस्टर्ड या तज्ज्ञांच्या सल्ल्यानं ओडिशात टिकरपाडा इथं काम सुरू झालं. नदीकाठची अंडी गोळा करायची, सुरक्षित जागी उबवायची, पिल्लं थोडी मोठी करायची आणि मग नदीत सोडायची. पुढच्याच वर्षी रोम्युलस आणि झाई व्हिटेकर यांनी चेन्नईजवळ मगरींची ‘क्रोकोडाइल बँक’ उभी केली. आज दलदली मगर नामशेष होण्याच्या काठावरून मागे आली आहे, हे त्या दशकातल्या कामाचं फळ.

शार्कच्या बाबतीत लोकांचं मन वळवण्यावर मोठी शक्ती खर्च झाली. आपल्या मगरीला कायद्यानं वाचवलं. नदीकाठच्या माणसाला त्यात कुणी विचारलं नाही. त्यामुळे तिचं रक्षण झालं, तरी तिच्याबद्दलचं मत जिथल्या तिथंच राहिलं. गजेंद्राचा पाय धरणारी, माकडाचं काळीज मागणारी मगर आपल्या गोष्टींमध्ये खलनायकच आहे. सरकारी अनुसूचीनं ती गोष्ट बदलत नाही.

डोहातली शेजारीण

कृष्णेतली मगर ही दलदली मगर. गोड्या पाण्याचे तलाव, संथ नद्या आणि खोल डोह ही तिची ठिकाणं. कृष्णेचं खोरं तिच्या मूळ प्रदेशातच येतं. बिबट्याबद्दल जशी ‘वनखात्यानं आणून सोडला’ अशी बोलवा उठते तशीच मगरीबद्दलही उठते, पण ती इथली जुनी रहिवासी आहे. नर चार-साडेचार मीटरपर्यंत वाढतो, मादी त्याहून बरीच लहान राहते.

तिचं शरीर कमी खर्चात चालतं. अंगातली उष्णता ती स्वतः निर्माण करत नाही, उन्हातून घेते. म्हणून हिवाळ्यात ती तासन्‌तास काठावर पडून असते. जबडा उघडा ठेवून बसलेली मगर चिडलेली नसते. अंगातली जादा उष्णता ती तोंडावाटे बाहेर टाकत असते. एकदा पोटभर खाल्लं की आठवडेच्या आठवडे ती उपाशी राहू शकते. मासे, कासवं, पाणपक्षी आणि नदीत वाहत आलेली मेलेली जनावरं हे तिचं खाणं. जबड्याच्या कडेनं असलेल्या बारीक ठिपक्यांमध्ये स्पर्श ओळखणाऱ्या पेशी असतात. पाण्यावरचा बारीकसा तरंगही त्यांना कळतो. घशात पडदा असल्यामुळे पाण्याखाली तोंड उघडलं तरी श्वासनलिकेत पाणी जात नाही. काठावर वाकून घागर बुडवणारी बाई, हातपाय मारणारं पोर आणि पाणी प्यायला उतरलेलं कुत्रं यांत ती फार फरक करत नाही. तिला कळतं ते एवढंच, की पाण्याच्या कडेला काहीतरी हलतंय.

मात्र तिला निव्वळ यंत्र समजणंही चुकीचं. फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान मादी उतारावर वाळूत किंवा मातीत खड्डा खोदून पंचवीस-तीस अंडी घालते आणि बुजवते. नर की मादी हे घरट्यातल्या तापमानावर ठरतं: २८ ते ३१ अंश सेल्सिअसला माद्या, साडेबत्तीस अंशांच्या आसपास नर. दोनेक महिन्यांनी, पावसाळ्याच्या तोंडावर, पिल्लं अंड्यातूनच आवाज देऊ लागतात. तो ऐकून आई खड्डा उकरते आणि पिल्लांना जबड्यात अलगद धरून पाण्यात नेते. या जातीत नरही हे काम करताना पाहिला गेला आहे. बगळे घरटी बांधण्याच्या दिवसांत मगरी तोंडावर काटक्या ठेवून निश्चल पडतात आणि काटकी उचलायला आलेला पक्षी पकडतात, असं निरीक्षण २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. आई-बापाची एवढी राखण असूनही घोरपडी, मुंगूस, कोल्हे अंडी उकरतात, पक्षी आणि मोठे मासे पिल्लं टिपतात. मोठी होईपर्यंत टिकणारी पिल्लं अगदी मोजकी.

नदीच्या दृष्टीनं तिचं काम मोलाचं आहे. मेलेली जनावरं ती संपवते, आजारी आणि दुबळे मासे टिपते. पण ती नदीची रखवालदार आहे असं म्हणताना नदीची आजची अवस्थाही पाहायला हवी. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ अंकलीच्या परिसरात कृष्णेत माशांचा खच पडला होता. मासा मरतो तेव्हा मगरीचं ताट रिकामं होतं, आणि उपाशी मगर काठाकडे सरकते.

सुट्टी आणि अंडी एकाच महिन्यात

कृष्णाकाठचा संघर्ष उन्हाळ्यातच का पेटतो, याचं उत्तर पंचांगात आहे. मादी घरट्याजवळ राखण करत असते, म्हणजे नेहमीपेक्षा आक्रमक असते. नदीचं पाणी आटून डोहांपुरतं उरतं, म्हणजे मगरी आणि माणसं एकाच डोहावर येतात. शाळांना सुट्टी लागते, पोरं पोहायला उतरतात. या पट्ट्यात मगरीनं माणसांना ओढून नेल्याच्या घटना घडल्या आहेत, आणि त्यात पोहणारी मुलं आहेत. शार्कच्या बाजूनं दिला जाणारा ‘हल्ले फार कमी होतात’ हा युक्तिवाद या गावांमध्ये करू नये. ज्या घरातलं पोर गेलं त्या घराला सरासरी सांगून समाधान होत नाही.

आणखी एक फरक आहे. समुद्रात पोहायला जायचं की नाही हे माणूस ठरवू शकतो. नदीवर जायचं की नाही हे कृष्णाकाठच्या शेतकऱ्याच्या हातात नाही. त्याची मोटार नदीवर आहे. शेतीची वीज अनेकदा रात्रीच्या पाळीत येते, म्हणून मोटार चालू करायला, फुटव्हॉल्वमधला कचरा काढायला तो अंधारात काठ उतरतो. गुरं पाण्यावर न्यावी लागतात. धुणं असतं, वैरण असते, गाळपेरीचा भाजीपाला असतो. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांनी नदीत जागोजागी खोल, संथ पाणी अडवलं. उसाला ते हवंच होतं, आणि मगरीला नेमकं तसंच पाणी लागतं. दुसरीकडे वाळू उपशानं तिच्या अंड्यांच्या जागा खरवडून नेल्या, म्हणून ती शेताच्या बांधापर्यंत, मळीच्या जमिनीपर्यंत घरटं करायला येते. एवढ्या जवळ येण्याला मगरीपेक्षा आपणच अधिक कारणीभूत आहोत.

पूर आला की हे सगळं गावात येतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे. त्याच पुरात खाली बेळगाव जिल्ह्यातल्या रायबाग तालुक्यात बुडालेल्या घराच्या छपरावर मगर जबडा उघडून बसलेली साऱ्या देशानं पाहिली. ती तिथं शिकारीला गेली नव्हती. प्रवाहाच्या तडाख्यातून सुटून कोरडी जागा शोधत होती, त्या घरातल्या माणसांसारखीच.

मग उपाय काय? सर्वात आधी सुचणारा उपाय म्हणजे ‘पकडून न्या’. गावात किंवा शेतात आलेली मगर हलवावीच लागते. पण नदीतून मगरी सरसकट उचलण्यानं प्रश्न सुटत नाही. चांगला डोह रिकामा झाला की दुसरी मगर तो बळकावते. शिवाय मगरी घर विसरत नाहीत. ऑस्ट्रेलियात खाऱ्या पाण्यातल्या मगरींना हेलिकॉप्टरनं दूर नेऊन सोडलं, पाठीवर ट्रान्समीटर लावून मागोवा घेतला, तेव्हा त्यातली एक ४०० किलोमीटरहून अधिक पोहून आपल्या मूळ जागी परतली. आपली मगर एवढी लांब जाईलच असं नाही, पण एका गावची बला दुसऱ्या गावाच्या घाटावर टाकणं याला उपाय म्हणता येत नाही.

भीती, भक्ती आणि त्यापुढे

मगरीबरोबर राहण्याच्या रीती आपल्याच आसपास आहेत. गोव्यात फोंडा तालुक्यातल्या दुर्भाट-आडपई भागात पौष अमावास्येला चिखलाची मगर घडवून पुजतात. ‘मांगे थापणी’ नावाचा हा विधी खाजण शेतीशी बांधलेला आहे: खाडीचं खारं पाणी अडवणारे बांध आणि त्या पाण्यातली मगर, दोघांनी आपल्याला सांभाळून घ्यावं ही त्यामागची भावना. गुजरातेत आणंद-खेडा भागातल्या चरोतर पट्ट्यात गावतळ्यांमध्ये मगरी आहेत आणि त्याच तळ्यावर माणसांचं, गुरांचं चाललेलं असतं. खोडियार मातेचं वाहन मगर, त्यामुळे तिला मारायचं नाही असा तिथला अलिखित नियम. तिकडे वडोदरा शहराच्या मधून वाहणाऱ्या विश्वामित्रीत शेकडो मगरी राहतात. ऑगस्ट २०२४ च्या पुरात त्या रस्त्यांवर, अंगणांत आल्या, तेव्हा स्वयंसेवक आणि वनखात्यानं त्यांना डझनावारी उचललं.

पण भक्तीही आंधळी असू शकते, याचं उदाहरण सांगली जिल्ह्यातच आहे. बत्तीस शिराळ्यात नागपंचमीला जिवंत नाग पकडून पुजण्याची जुनी परंपरा होती. श्रद्धा खरी होती, पण पंचमीच्या कितीतरी आधीपासून मडक्यांत कोंडलेले आणि मिरवणुकीत नाचवले गेलेले नाग त्या श्रद्धेची किंमत मोजत होते. २००२ मध्ये हा विषय मुंबई उच्च न्यायालयात गेला, बंदी आली आणि पुढच्या दशकात तिची अंमलबजावणी कडक झाली. गावाला हे सहज पचलं नाही, आजही पूर्ण पचलेलं नाही. २०२५ मध्ये केंद्र सरकारनं पारंपरिक ज्ञान आणि प्रबोधनासाठी मर्यादित संख्येनं नाग पकडायला परवानगी दिली, ती याच रस्सीखेचीतून. कायद्यानं नाग वाचतो, पण ज्यांच्या हातून तो पकडला जायचा त्यांनाच त्याचे राखणदार केल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही, हा शिराळ्याचा धडा.

समाजमाध्यमांवरचं प्रेम ही तिसरी तऱ्हा. महाडजवळ सावित्री नदीतल्या मगरींवर स्थानिक अभ्यासकांनी वर्षानुवर्षं नजर ठेवली. नदीत वाहत आलेल्या झेंडूच्या फुलांत त्या पडून राहतात, ही त्यांची नोंद मोठी कुतूहलाची. नदीत उतरलेल्या एका कुत्र्याला तीन मगरींनी न खाता काठाकडे ढकललं, हे त्यांचं निरीक्षण २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं आणि जगभर फिरलं. मगर दयाळू आहे असा त्याचा अर्थ लावून लोक मोकळे झाले. एका घटनेवरून खलनायक बनवणं जितकं चुकीचं, तितकंच एका घटनेवरून संत बनवणंही. मगरीचं कौतुक करणाऱ्यानं तिच्यापासून दहा पावलं लांब राहावं, यातच दोघांचं हित आहे.

मत बदलतं कधी, याचा एक चांगला दाखला गुजरातच्या किनाऱ्यावर आहे. सौराष्ट्रात देवमाशाएवढ्या अवाढव्य व्हेल शार्कची तेलासाठी आणि मांसासाठी शिकार व्हायची. माइक पांडे यांच्या ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ या माहितीपटानं ती उघडकीला आणली, २००१ मध्ये या माशाला कायद्याचं संरक्षण मिळालं. पण किनाऱ्यावरचं वारं फिरलं ते २००४ पासून, जेव्हा मोरारी बापूंनी या माशाला माहेरी आलेली लेक म्हटलं आणि तो जाळ्यात सापडला तर जाळं कापून सोडणाऱ्या कोळ्यांना जाळ्याची भरपाई मिळू लागली. यात भावनेचं आवाहन होतं, पण फाटलेल्या जाळ्याचे पैसेही होते. यातलं एकच असतं तर एवढं यश मिळालं नसतं. अर्थात व्हेल शार्क माणसाला खात नाही. मगरीचं काम त्याहून अवघड आहे.

लोखंडी जाळी आणि नळाचं पाणी

अवघड असलं तरी अशक्य नाही. श्रीलंकेत नदीच्या काठाला खांब रोवून पाण्यात कुंपण घालतात आणि त्या चौकोनात माणसं आंघोळ करतात. ‘किंबुल कोटुवा’, म्हणजे मगरीपासून रक्षण करणारा कोट, ही तिथली जुनीच युक्ती. ओडिशात भितरकनिकाभोवतीच्या गावांमध्ये, जिथं त्याहून भयंकर अशा खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, वनखात्यानं नदीचे घाट असेच कुंपणानं बंदिस्त केले आहेत. यासाठी नवं तंत्रज्ञान लागत नाही, ठराव आणि निधी लागतो.

महाराष्ट्रात मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला तर शासन कुटुंबाला २५ लाख रुपयांपर्यंत अर्थसाहाय्य देतं. ते मिळायलाच हवं. पण ते माणूस गेल्यावर मिळतं. जे पैसे मागाहून द्यायचे, त्यातला काही भाग आधी घाटांवर घातला तर माणूसही वाचेल आणि त्याच्यामागून पेटणारा मगरीवरचा रागही टळेल.

औदुंबर-भिलवडीपासून डिग्रजपर्यंत, आणि कराडच्या बाजूलाही जिथं मगर दिसते तिथं, करण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. गावाच्या मुख्य घाटावर पाण्यात लोखंडी जाळीचा चौक. धुण्यासाठी आणि गुरांसाठी काठावर नळ आणि हौद. नदीवरच्या मोटारींना दिवसा वीज, किंवा घरबसल्या चालू-बंद करता येणारे स्टार्टर. कोंबडी-मटणाच्या दुकानांचा टाकाऊ माल आणि मेलेली जनावरं नदीत टाकण्यावर कडक बंदी, कारण त्या वासानंच मगर घाटाला सोकावते. फेब्रुवारी ते जूनपर्यंत पोहायला फक्त राखलेल्या जागा. अंडी घातलेल्या जागांना शेतकऱ्यांच्याच मदतीनं खुणा आणि राखण, त्यासाठी त्यांना मोबदला. आणि गावागावात मगर पकडण्याचं शिक्षण घेतलेली, वनखात्याशी जोडलेली तरुणांची तुकडी.

ग्रामपंचायतींचे आराखडे दरवर्षी बनतात. यंदा ग्रामसभेत घाटाच्या जाळीचा आणि काठावरच्या हौदाचा ठराव आपल्या गावानं मांडावा, आणि तो मार्च उजाडायच्या आत पुरा करून घ्यावा. ज्या घाटावर पोर निर्धास्त पोहू शकेल, त्या घाटासमोरच्या डोहात मगरीलाही कुणी दगड मारणार नाही.